शंखावरून गती : अमोनाइटांच्या संगणकीय प्रतिकृती

अमोनाइट हे शंखधारी शीर्षपाद प्राणी सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या अखेरीस, पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्यांचे शंख विपुल सापडतात. शंखाच्या आतील प्राणी मात्र जवळजवळ कधीच सापडत नाही. असे असूनही ते समुद्रात कसे पोहत असत, या प्रश्नाचे उत्तर अलीकडे संगणकीय प्रतिकृतींच्या साहाय्याने मोठ्या विश्वासाने दिले जाते. हा विश्वास कोठवर सार्थ आहे आणि कोठे तो पुराव्याच्या पुढे धावतो, याची तपासणी अगत्याची आहे. कारण प्रतिकृती जितकी हुबेहूब, तितकी तिच्या पोटातील गृहीते वाचकाच्या दृष्टीआड होतात.

या विचाराची परंपरा संगणकाहून जुनी आहे. ए. ई. ट्रूमन यांनी १९४१ मध्ये अमोनाइटांचा गुरुत्वमध्य आणि प्लावनमध्य कोठे असावा याचे गणित मांडले. शंखाचे आतले कप्पे वायूने हलके झालेले व प्राणी मुखाजवळच्या शेवटच्या कप्प्यात राहणारा, अशी ही रचना आहे. दोन मध्यांमधील अंतर जितके जास्त, तितका शंख कललेल्या स्थितीतून लवकर सावरतो. हा देहकक्ष लांबट असेल तर हे अंतर घटते व स्थैर्य उणावते. ट्रूमन यांचा हा मूळ विचार आजही खोटा ठरलेला नाही. पुढे १९६६ मध्ये डेव्हिड राउप यांनी शंखाच्या वेटोळ्याची भूमिती मोजक्या चार राशींत बसवली आणि संगणकाकडून शंखाकृती रेखाटून घेतल्या. निसर्गात कोणते आकार आढळतात आणि कोणते शक्य असूनही आढळत नाहीत, हा प्रश्न त्यामुळे प्रथमच नीट विचारता आला. आजच्या पद्धतीने या दोघांच्या विचारात क्ष-किरणांनी घेतलेली त्रिमिती चित्रे आणि द्रवप्रवाहाचे संगणकीय गणित यांची भर घातली आहे. भर मोठी आहे, पाया तोच आहे.

पहिली अडचण शंखाच्या जाडीची. समजा, प्राण्याच्या एकूण आकारमानापैकी १५ टक्के भाग कवचाचा आहे आणि कवचाची घनता पाण्याच्या अडीच पट आहे. तर कवचामुळे येणारे जादा वजन, विस्थापित पाण्याच्या वजनाच्या सुमारे साडेबावीस टक्के होते. तेवढे वजन वायूने तोलायचे. जाडीच्या मापनात केवळ दहा टक्क्यांची चूक झाली, तरी हा तोल सव्वादोन टक्क्यांनी ढळतो. पाण्यात जवळजवळ वजनरहित राहणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत ही चूक लहान नव्हे. तरंगणारा प्राणी कागदावर बुडू शकतो किंवा बुडणारा तरंगू शकतो. आणि जाडी तर पुष्कळदा उपलब्धच नसते. गंडकीच्या पात्रातील ज्या शाळिग्रामांची आपल्याकडे घरोघर पूजा होते, त्यांतील चक्र हे अमोनाइटाचेच. परंतु ते बहुधा शंखाचा नुसता ठसा असते, कवच नव्हे. ठशावरून वेटोळे मोजता येते, जाडी येत नाही. पूजेला त्याची गरज नाही, गणिताला आहे.

या क्षेत्रातील उल्लेखनीय प्रयोग यूटा विद्यापीठातील डेव्हिड पीटरमन आणि कॅथलीन रिटरबुश यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या घडणीच्या शंखांच्या संगणकीय प्रतिकृती करून त्यांनी त्या त्रिमिती मुद्रणाने प्रत्यक्षात उतरवल्या, पाण्यात तोलून धरल्या, आणि आत बसवलेल्या पंपाच्या झोताने पोहण्याच्या तलावात चालवून पाहिल्या. चपट्या शंखांना पाण्याचा विरोध कमी व दिशा स्थिर. फुगीर शंखांना वळणे सोपे. सर्व बाबतींत श्रेष्ठ असा एकही आकार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. डेव्हिड जेकब्स यांनी १९९२ मध्ये आकार व वेग यांचा संबंध तपासताना, चपटा आकार मोठ्या व वेगवान प्राण्याला, तर जाड आकार लहान व संथ प्राण्याला सोयीचा, असे दाखवले होते. त्याच्याशी हे सुसंगत आहे. एखाद्या आकाराला सरसकट ‘उत्तम’ म्हणण्याची जुनी सवय या प्रयोगाने मोडली, हे त्याचे खरे श्रेय. शिवाय संगणकावरील गणित खऱ्या पाण्यात पडताळून पाहण्याचे कष्ट सगळेच घेतात असे नाही.

तथापि येथे तुलना झाली ती शंखांची, प्राण्यांची नव्हे. पंपाचे बल अभ्यासकाने ठरवलेले असते, तर प्राण्याचे बल त्याच्या स्नायूंवर अवलंबून असते. अरुंद, लांब देहकक्षात राहणाऱ्या आणि रुंद, आखूड देहकक्षात राहणाऱ्या प्राण्यांच्या स्नायूंचे बल सारखेच असेल असे मानण्यास आधार नाही. ‘फुगीर शंख सहज वळतो’ हे विधान सिद्ध झाले. ‘फुगीर शंखाचा अमोनाइट चपळाईने वळत असे’ हे अजून सिद्ध व्हायचे आहे. पहिल्या विधानावरून दुसऱ्यावर नकळत उडी मारणारे लेखन थोडे नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी बहुधा नॉटिलसचा आधार घेतला जातो. कप्प्यांचा शंख बाहेर वागवणारा जिवंत शीर्षपाद तेवढाच उरला आहे. परंतु वंशवृक्षात अमोनाइट हे नॉटिलसपेक्षा स्क्विड व कटलफिश यांना अधिक जवळचे आहेत. म्हणून इंग्लंडमधील ग्लॉस्टरशरमध्ये १९९८ साली मिळालेल्या सिगालोसेरास या सुमारे १६ कोटी ५० लक्ष वर्षांपूर्वीच्या अमोनाइटाला वेगळे महत्त्व आहे. त्याचे मऊ अवयव अपवादानेच टिकले होते. क्ष-किरण आणि न्यूट्रॉन या दोन्हींनी घेतलेल्या त्रिमिती चित्रांचा मेळ घालून त्याचा अभ्यास २०२१ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. त्यात शरीर शंखात ओढून घेणारे स्नायू आणि झोत सोडणारी नळी यांच्या खुणा ओळखल्या गेल्या. झोताने पोहण्याची कल्पना त्यामुळे केवळ साम्यावर विसंबून राहिली नाही. हा नमुना एकच आहे आणि एकाच वंशाचा आहे. तरीही त्याच्या शंखाची प्रतिकृती घडवून, पंपाचे बल त्यातील स्नायूंच्या आकारावरून ठरवून पाण्यात सोडली, तर मिळणारा वेग हा निदान एका प्राण्याचा म्हणता येईल.