विषाणुभार चाचणी : किंमत आणि परवड

सप्टेंबर २०१४ मध्ये यूएनएड्स व तिच्या सहकारी संस्थांनी रोश कंपनीशी केलेल्या करारामुळे अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी एचआयव्ही विषाणुभार चाचणीची कमाल किंमत ९.४० डॉलर ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच उपचारांच्या देखरेखीसाठी या चाचणीला प्राधान्य दिले असल्याने हा करार निःसंशय महत्त्वाचा होता. तथापि चाचणीची किंमत म्हणजे तिचा खर्च नव्हे. रक्तद्रव वेळेत वेगळा करून थंड ठेवावा लागतो. वीज व सेंट्रिफ्यूज नसलेल्या आफ्रिकेतील ग्रामीण केंद्रांना ते शक्य होत नाही. गाळणकागदावर वाळविलेला रक्ताचा थेंब हा त्यावरील स्वस्त पर्याय होय. परंतु त्यात पेशींतील विषाणूची जनुकद्रव्येही मोजली जाऊ शकतात. त्यामुळे दर मिलिलिटरला १,००० प्रती या निर्णायक मर्यादेजवळ निष्कर्ष फसवा ठरू शकतो. शिवाय अहवाल महिनोन्महिने केंद्रात पोहोचलाच नाही, तर समुपदेशन, फेरचाचणी व औषधबदल हे सारेच लांबते आणि निष्प्रभ औषधांवर प्रतिरोधी विषाणू वाढत राहतो. म्हणून परवडण्याचा निकष प्रत्येक चाचणीमागील डॉलर हा नसून, ज्यावर वेळेत कृती झाली अशा प्रत्येक अहवालामागील खर्च हाच असावयास हवा.