मंत्रिमंडळाची किमान संख्या : महाराष्ट्रातील अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना

राज्यपालांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मुख्यमंत्र्यांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद, रूढ भाषेत मंत्रिमंडळ, असेल, असे संविधानाचे कलम १६३ सांगते. तिची सदस्यसंख्या मात्र मूळ संविधानाने ठरविलेली नव्हती. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंग यांच्या मंत्रिमंडळाने नव्वदी ओलांडली, तेव्हा या मोकळीकीचे दुष्परिणाम ठळक झाले. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने कलम १६४ मध्ये (१-क) हा खंड समाविष्ट केला व विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के ही कमाल मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या २८८ सदस्यांच्या विधानसभेत ती ४३ होते. या दुरुस्तीची चर्चा बहुधा कमाल मर्यादेपुरतीच होते. प्रस्तुत लेखात तिच्या दुर्लक्षित परंतुकाचा विचार केला आहे.

परंतुकाचे स्वरूप

मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या १२ पेक्षा कमी असणार नाही, असे हे परंतुक आहे. त्याचा उघड उपयोग लहान राज्यांना होतो. गोव्याच्या ४० सदस्यांच्या विधानसभेत १५ टक्क्यांनी सहाच मंत्री होतील. परंतुकामुळे तेथे १२ मंत्री असतात. परंतु परंतुकाची भाषा लहान राज्यांपुरती मर्यादित नाही. ती सर्व राज्यांना लागू आहे.

महाराष्ट्रातील अनुभव

२८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांच्यासह सात जणांनी शपथ घेतली. विस्तार ३० डिसेंबरला झाला व संख्या एकदम ४३ वर गेली. ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे व देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला आणि ९ ऑगस्टपर्यंत, म्हणजे ४० दिवस, राज्याचे मंत्रिमंडळ दोघांचेच होते. ५ डिसेंबर २०२४ रोजी तिघांनी शपथ घेतली. उर्वरित ३९ जणांचा शपथविधी १५ डिसेंबरला नागपुरात झाला. आघाडी कोणतीही असो, किमान संख्येची उपेक्षा समान आहे.

ही केवळ तांत्रिक त्रुटी नव्हे. औरंगाबाद व उस्मानाबाद यांच्या नामांतराचा निर्णय १६ जुलै २०२२ रोजी दोन सदस्यांच्या मंत्रिमंडळाने नव्याने घेतला. निर्णयाची योग्यायोग्यता हा येथे विषय नाही. मात्र दोघांच्या सहमतीला सामूहिक विचारविनिमय म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतोच. त्याच महिन्यात विदर्भात अतिवृष्टी झाली, तेव्हा राज्याला स्वतंत्र कृषिमंत्री नव्हता व जिल्ह्यांना पालकमंत्री नव्हते. ऑगस्टमध्ये शपथ घेतलेल्या १८ मंत्र्यांत एकही महिला नव्हती. जुलै २०२३ मध्ये अजित पवार यांच्यासह नऊ जण आले, तरी संख्या २९ झाली. रिक्त जागा हे इच्छुकांना आशेवर ठेवण्याचे साधन बनले, असे म्हणण्यास जागा आहे.

आक्षेप व त्याचा विचार

मंत्र्यांची नियुक्ती मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने होते, त्यामुळे आरंभी मंत्रिमंडळ लहानच असणार. आघाडीच्या राजकारणात वाटाघाटींना वेळ लागणार, असा युक्तिवाद केला जातो. तो काही अंशी मान्य करावा लागेल. पण दोष संहितेतही आहे. दुरुस्ती लागू होताना मर्यादेबाहेर असलेली मंत्रिमंडळे आटोक्यात आणण्यासाठी तिने सहा महिन्यांची मुदत दिली. किमान संख्या गाठण्यासाठी मात्र कोणतीही मुदत ठरविली नाही. कालमर्यादेशिवाय घातलेले बंधन पाळणे अखेर सत्ताधाऱ्यांच्या सोयीवर अवलंबून राहते.

समारोप

९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाच्या अवाजवी विस्ताराला आळा घातला, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु संसदीय शासनाचा गाभा सामूहिक जबाबदारी हा आहे, आणि ती वाहण्यास पुरेसे मंत्री असावे लागतात. शपथविधीनंतर निश्चित दिवसांत किमान १२ मंत्री नेमण्याचे बंधन संहितेतच असावे. तोपर्यंत कमाल मर्यादा काटेकोरपणे मोजली जाईल आणि किमान मर्यादा केवळ कागदावर राहील.