फॉर्ममधून 'लठ्ठपणा' काढताना

तर झालं असं की मागच्या महिन्यात आमच्या अभ्यासाचं माहितीपत्रक मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. माझी पीएचडी चरबीच्या पेशी आणि इन्सुलिन यांच्या भानगडीवर आहे, हे इथे नेहमी येणाऱ्यांना आता पाठ झालं असेल. अभ्यासात भाग घेणाऱ्या बायकांना आपण काय मोजणार आणि कशासाठी, हे त्यांच्या भाषेत लेखी द्यावं लागतं. पद्धत अशी की एकानं इंग्रजीचं मराठी करायचं, मूळ कागद न पाहिलेल्या दुसऱ्यानं त्या मराठीचं परत इंग्रजी करायचं, आणि मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघायची. मी 'ओबेसिटी'ला 'लठ्ठपणा' लिहिलं. सगळेच लिहितात. परत आलं तेव्हा त्याचं 'फॅटनेस' झालं होतं.

आधी हसले. मग 2012 चा एक अमेरिकन अभ्यास आठवला. जास्त वजन असलेल्या रुग्णांना विचारलं होतं, की तुमच्याशी बोलताना डॉक्टरांनी कुठला शब्द वापरलेला तुम्हाला चालेल? सगळ्यात चालणारा शब्द निघाला साधा 'वेट', म्हणजे वजन. आणि सगळ्यात नकोसा? 'फॅटनेस'. म्हणजे तिकडच्या रुग्णांनी तळाला टाकलेला शब्द आपल्याकडे आजाराचं अधिकृत नाव होऊन बसलाय. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या, दवाखान्यातली पोस्टरं, सरकारी पत्रकं, सगळीकडे 'लठ्ठपणा'. शेजारी फोटोही ठरलेला असतो: मान कापलेला माणूस, फ्रेमभर फक्त पोट आणि पोटाभोवती टेप.

माझी तक्रार शब्द कडू आहे ही नाही. पगार लठ्ठ असला तर कुणाला वाईट वाटत नाही. तक्रार ही आहे की 'लठ्ठ' हा बघणाऱ्याचा शब्द आहे. लांबून, डोळ्यांनी जे दिसतं त्याचा. आणि वजनाबद्दलचे आपले बहुतेक शब्द असेच आहेत: जाड, ढोली, ढब्बू, गलेलठ्ठ, ढेरपोट्या. कौतुकाचेही तसेच: गुटगुटीत, बाळसेदार, अंगानं भरलेली, खात्यापित्या घरची. सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीस घेणारं गुटगुटीत बाळ नेमकं कितव्या वर्षी 'ढोली' होतं हे कुणी सांगत नाही. माझ्या बाबतीत ते साधारण चौथीत झालं. वजनकाटा तोवर मी पाहिलाही नव्हता.

त्यात एक शब्द मला फार विचित्र वाटतो, तो म्हणजे 'तब्येत'. वजन वाढलं की 'तब्येत सुधारली', घटलं की 'तब्येत उतरली'. लग्नानंतर चार किलो चढले की 'लग्न मानवलं'. माझ्या आजीनं 1972 चा दुष्काळ पाहिलाय, सुकडी खाऊन दिवस काढलेत. ती मला बघून 'छान तब्येत केलीयस गं' म्हणायची तेव्हा त्यात टोमणा नव्हता, पोरीला पोटभर मिळतंय याचं समाधान होतं. पण आज ओपीडीत बसलेल्या डॉक्टरांना 'तब्येत उतरवा, म्हणजे तब्येत सुधारेल' असं काहीतरी याच भाषेत सांगायचं असतं. गोंधळ होणारच.

आता विज्ञानाकडे येते, कारण खरी अडचण तिथे आहे.

डोळ्याला दिसणारी जाडी आणि आतली चरबी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे जगाला ज्या कामानं ठसवलं त्यातलं बरंचसं काम पुण्यात झालं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. म्हणजे दोघेही तक्त्याप्रमाणे 'नॉर्मल'. युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2 टक्के. त्याआधी 2003 मध्ये याज्ञिकांच्याच गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली होती. आपली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिकडची 3.5. आपली हातापायानं, पोटानं बारीक. पण खांद्याच्या फऱ्याखालची कातडीची घडी चिमटीत धरून मोजली, तर ती त्या मानानं फारशी कमी नव्हती. मांस कमी, चरबी मात्र राखून ठेवलेली. या बाळांना त्यांनी नाव दिलं 'थिन-फॅट', बारीक आणि तरी चरबीदार.

याला मराठीत काय म्हणाल? मी दोन दिवस डोकं खाजवलं. 'बारीक-लठ्ठ' म्हटलं तर विनोद होतो. आपल्याकडे बारीक माणसासाठी हडकुळा, किडकिडीत, पाप्याचं पितर असे एकाहून एक शब्द आहेत, पण तेही बघणाऱ्याचेच. जे दिसत नाही त्याला नावच नाही. आणि ज्याला नाव नाही ते तपासायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

माझ्या मावशीचं हेच झालं. आयुष्यभर 'पाप्याचं पितर' म्हणून ऐकून घेतलेली बाई. सारखा थकवा, रात्री चारदा उठणं, हे सगळं तिनं दोन-तीन ठिकाणी सांगितलं. उत्तर एकच: तुम्हाला कसली शुगर, अंगावर मांस तरी आहे का! शेवटी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा साखर 300 च्या वर निघाली. तोवर पायाच्या बोटांची संवेदना गेली होती. मी मात्र घसा दुखतो म्हणून गेले तरी आधी काट्यावर उभी केली जाते आणि शुगरची चिठ्ठी हातात पडते. रिपोर्ट दर वेळी नॉर्मल. घशाचं तेवढं राहून जातं. (सरासरीनं बघितलं तर वजनासोबत मधुमेहाचा धोका वाढतो, हे मला नाकारायचं नाही. माझी रोजी-रोटीच ती आहे. पण सरासरी खुर्चीत येऊन बसत नाही, माणूस बसतो.)

दुसरी गोष्ट व्याकरणाची. 'पोट सुटलं', 'वजन वाढलं', 'अंग भरलं': मराठीत हे आपोआप घडतं, थंडी पडते तसं. दवाखान्यात क्रियापद बदलतं. 'वजन फार वाढवलंत तुम्ही.' एका 'व'नं माणूस आरोपी होतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात आणि मेंदू त्यावरून भुकेचा हिशोब ठेवतो, हे 1994 पासून माहीत आहे. वजन कमी केलं की लेप्टिन पडतं, भूक वाढते, शरीर ते किलो परत मागतं. हे शिकलेला माणूसही टेबलापलीकडून 'वाढवलंत' म्हणतो तेव्हा मला त्याच्या अभ्यासापेक्षा त्याच्या व्याकरणाची काळजी वाटते. बाकी निंदेची सवय जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेही आठ 'निंदितां'च्या यादीत येतात, अतिउंच आणि अतिगोऱ्यांच्या शेजारी. उपचार नंतर, निंदा अध्यायाच्या नावातच.

मग 'स्थूल' वापरावं का? आमच्या गटात दोघांनी हेच सुचवलं, सभ्य वाटतं म्हणून. सभ्य वाटतं कारण पटकन कळत नाही. शिवाय 'स्थूलमानानं' म्हणजे ढोबळमानानं, आणि खरं सांगायचं तर बीएमआय तेवढाच आहे. क्वेटले या बेल्जियन गणितीनं एकोणिसाव्या शतकात सरासरी माणूस शोधताना हे सूत्र मांडलं, एकेका माणसाचा आजार ओळखायला नव्हे. 155 सेंटीमीटर उंचीच्या, 62 किलोच्या बाईचा बीएमआय येतो 25.8. जागतिक आरोग्य संघटनेच्या नेहमीच्या तक्त्यात ती 'वजन जास्त', आणि भारतीय तज्ज्ञांच्या 2009 च्या निकषांत थेट 'लठ्ठ'. तक्ता बदलला, बाई तीच.

इंग्रजीत सध्या 'ओबीस पर्सन' न म्हणता 'पर्सन विथ ओबेसिटी' म्हणायचा आग्रह आहे. त्यामागचा विचार मला पटतो. पण त्याचं 'लठ्ठपणा असलेली व्यक्ती' केलं की नुसती शब्दसंख्या वाढते, बघणारा तिथेच उभा. त्यापेक्षा मी स्वतःला सरळ 'जाड' म्हणते. उंच, सावळी, जाड. वर्णन म्हणून ते चालतं. निदान म्हणून चालत नाही, आणि माझा सगळा वाद एवढाच आहे.

तर माहितीपत्रकातून 'लठ्ठपणा' काढला. आता तिथे 'तुमचं वजन, कमरेचा घेर आणि अंगातल्या चरबीचं प्रमाण' असं आहे. लांबलचक झालं, मान्य. पण परत इंग्रजी होऊन आलं तेव्हा तिन्ही गोष्टी जशाच्या तशा आल्या. पाच जणींना वाचून दाखवलं. एका वाक्यावर सगळ्या हसल्या: 'दंडामागच्या कातडीच्या घडीची जाडी मोजली जाईल.' एक काकू म्हणाल्या, "ताई, जाडी ती दिसतेच की, मोजता कशाला?" शेजारच्या काटकुळ्या बाईंनी मग आपण होऊन दंड पुढे केला आणि म्हणाल्या, "माझी पण मोजणार? माझ्यात काय सापडणार तुम्हाला?" मी कॅलिपर लावून दाखवला. आकडा बघून त्या दोघींनीही माझ्याकडे पाहिलं.

'जाडी' शब्दही बदलायचाय, अजून सुचला नाही. तुम्हाला सुचला तर सांगा. आणि एक काम राहिलंच. प्रयोगशाळेतल्या फ्रीझरमध्ये आमच्या नमुन्यांचे 80 डबे आहेत, झाकणांवर मार्करनं लिहिलंय 'थिन' आणि 'फॅट'. अक्षर माझंच आहे, पहिल्या वर्षातलं. सोमवारी हातमोजे घालून ते पुसायला बसायचंय.