मोजपट्टी झालेला माणूस

छायाचित्रणकला बाल्यावस्थेत असताना एका महानदीच्या काठाने प्रवास करून सिद्ध झालेल्या एका ग्रंथाचा परामर्श आम्ही येथे घेत आहोत. फ्रेंच लेखक माक्सीम द्यु काँ याचा ‘इजिप्त, नुबिया, पॅलेस्टाईन आणि सीरिया’ हा ग्रंथ १८५२ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील १२५ छायाचित्रांपैकी बहुसंख्य नाईलकाठची आहेत. प्रत्येक चित्र कागदी ऋणप्रतीवरून वेगळे उमटवून पानावर चिकटवावे लागे. त्यामुळे प्रती मोजक्याच निघाल्या. आज त्या मोठ्या संग्रहालयांतून आढळतात.

१८४९ च्या अखेरीस द्यु काँ आपला मित्र, कादंबरीकार गुस्ताव्ह फ्लोबेर याच्यासह इजिप्तमध्ये उतरला. पुढील वर्षी दोघे नावेने नाईलच्या दुसऱ्या धबधब्यापर्यंत गेले. ज्या देशात इस्राएलाने दास्य भोगले आणि जेथे पवित्र कुटुंबाने आश्रय घेतला, तो देश या पानांतून डोळ्यांपुढे उभा राहतो. कागदाच्या तंतूंमुळे रेषांना आलेला मऊपणा आणि भिंतींवरचे प्रखर ऊन यांची सांगड विलोभनीय आहे. चित्रकाराची दृष्टी शिस्तबद्ध आहे, यात शंका नाही.

परंतु या ग्रंथाविषयी आमची एक गंभीर तक्रार आहे. अनेक चित्रांत स्तंभापाशी किंवा पुतळ्यावर एक इवलीशी मानवाकृती दिसते. अबू सिंबेलच्या प्रचंड मूर्तीच्या माथ्यावरही माणूस बसविलेला आहे. वास्तूची उंची वाचकाला कळावी, एवढेच त्याचे प्रयोजन. या कामासाठी द्यु काँ नावेवरील हाजी इस्माईल नावाच्या नुबियन खलाशास उभा करी. त्याने हलू नये म्हणून कॅमेऱ्याची पितळी नळी ही तोफ असून हालचाल करताच ती गोळ्या झाडील, अशी भीती त्यास घातल्याचे द्यु काँने स्वतःच लिहून ठेवले आहे. चित्राखाली मात्र नाव आहे ते केवळ स्थळाचे.

मनुष्य देवाच्या प्रतिमेत निर्माण झाला, असे उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो. त्या प्रतिमेची येथे मोजपट्टी झाली. पुढे इतिहासानेही हाच न्याय चालविला. आस्वानच्या मोठ्या धरणापायी १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची मंदिरे कापून सुमारे ६५ मीटर उंचावर नेण्यात आली. जगाने त्यासाठी पैसा उभा केला. त्याच धरणामुळे सुमारे एक लाख नुबियन माणसे मात्र आपली गावे सोडून परमुलखात गेली. दगडांची कहाणी जगाला ठाऊक आहे, माणसांची फारशी नाही.

हे आपल्याला दूरचे वाटू नये. आपल्या तालुक्याच्या कडेने वाहणारी भीमा १९८० मध्ये उजनीच्या भिंतीने अडली. पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे जुने मंदिर वर येते, तेव्हा माणसे कॅमेरे घेऊन तेथे धावतात. त्या पाण्याखाली ज्यांची घरे आणि शेते गेली, त्यांची छायाचित्रे कोणी काढली?

द्यु काँचा ग्रंथ पाहावा तो त्यातील दगडांसाठी आणि त्याहून अधिक त्या इवल्याशा आकृतीसाठी. वाचकांना आमची विनंती एवढीच की, आपल्या घरातील जुनी छायाचित्रे काढून प्रत्येकाच्या मागे त्यातील माणसांची नावे लिहावीत. कोपऱ्यात उभ्या असलेल्या गड्याचे आणि मोलकरणीचेही नाव लिहावे. परमेश्वर प्रत्येकास नावाने हाक मारतो. आपण निदान नाव विसरू नये.