इनामगावची घरे आणि आपली घाई

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. १९८८ चा त्याचा इंग्रजी अहवाल मी वर्गात वाचायला घेतला. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शंभरावर घरे त्यात आहेत. खांबांचे खळगे, चुली, धान्याची पेवे, जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले. पाच खोल्यांचे घर धान्यकोठाराशेजारी. ते प्रमुखाचे, असे संशोधक म्हणतात. कारागीर मात्र वस्तीच्या पश्चिम कडेला.

एक विद्यार्थी उठलाच. ‘सर, म्हणजे आपला महारवाडा तीन हजार वर्षांचा!’

चूक माझीही होती. अहवालात व्यवसाय होते. फळ्यावर मी ‘कुंभार’, ‘सोनार’ लिहिले आणि व्यवसायाची जात झाली. खांबाच्या खळग्यावरून रहिवाशाची जात सांगता येत नाही. कडेचे घर म्हणजे वेशीबाहेरचे घर नव्हे. भट्टीचा धूर हेही कारण असू शकेल. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यतेचा उगम इ. स. ४०० च्या सुमारास धरला. आपणच तिला अनादी ठरवले, तर आनंद कुणाला होईल?

पण त्या पोराची घाई मला कळते. माझी आई ज्या कुडाच्या घरात सारवण करीत असे, ती जागा आता सपाट आहे. तिथे कुणी चर आखला नाही. पांढरीच्या टेकाडावर विद्यार्थ्यांच्या तुकड्या जातात, महारवाड्याच्या जुन्या जागेवर कोण जाणार?

त्याला मी टेप दिली आहे. आजीला सोबत नेऊन चूल कुठे, रांजण कुठे, हे तो मोजून घेतो आहे.