फुलेराला दिशा आहेत, वस्त्या नाहीत

पडद्यावरच्या गावात वाजणारी दोन राष्ट्रगीतं माझ्या डोक्यात कायम जोडीनेच येतात.

पहिलं नागराज मंजुळेच्या 'फँड्री'तलं. जब्या आणि त्याच्या घरचे भर गावात डुकराच्या मागे धावतायत. डुक्कर जवळजवळ हाताशी आलंय आणि नेमकं तेव्हा शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या ताठ उभा राहतो, मग घरचेही जागच्या जागी थांबतात. डुकराला राष्ट्रगीताचे नियम लागू नसल्यामुळे ते निसटतं.

दुसरं 'पंचायत'च्या पहिल्या सीझनच्या शेवटच्या एपिसोडमधलं. मंजू देवी फुलेरा गावची प्रधान, पण फक्त कागदावर. खुर्चीवर बसतो, सह्या करतो, भांडणं मिटवतो तो तिचा नवरा ब्रिजभूषण. २६ जानेवारीला जिल्हाधिकारी बाई येतात आणि इतके दिवस स्वयंपाकघरात बसून पाठ केलेलं राष्ट्रगीत मंजू देवी अडखळत, पण शेवटपर्यंत म्हणते. मी तो एपिसोड दोनदा पाहिलाय आणि दोन्ही वेळा भारी वाटलंय. नीना गुप्ता तिथे काहीही विशेष 'करत' नाही, म्हणूनच ते जमतं.

इथे राष्ट्रगीत एका बाईला आत घेतं. 'फँड्री'त ते एका पोराला त्याच्या अपमानाच्या मधोमध उभं करतं आणि वर शिस्तही पाळायला लावतं. गाव म्हणजे काय, याची ही दोन पूर्ण वेगळी उत्तरं आहेत. त्यातलं एक आपण २०२० पासून चार सीझन आवडीने बघतोय. मग दुसऱ्याचं काय झालं?

'पंचायत' टीव्हीएफने केली. 'पिचर्स' आणि 'कोटा फॅक्टरी' करणारे हेच. इंजिनिअर, त्याची स्वप्नं, त्याचा कंटाळा हे या मंडळींचं घरचं मैदान. इथेही अभिषेक त्रिपाठी इंजिनिअर आहे. महिना २० हजारांवर ग्रामपंचायतीचा सचिव झालाय आणि रात्री कॅटचा अभ्यास करतोय. गाव त्याच्यासाठी गाडी येईपर्यंतचा फलाट आहे. मीही इंजिनिअर, त्यामुळे त्याची चिडचिड मला आतून कळते. आणि मालिका कुठल्या साच्यात बसलीय तेही ओळखू येतं. आमच्या ऑफिसात तक्रार आली की तिकीट उघडतं, काम झालं की बंद होतं. फुलेराही तसंच चालतं. कार्यालयाच्या कुलपाची किल्ली हरवली, सापडली. सौरदिवे कुणाच्या दारात लावायचे यावर वाद झाला, मिटला. सचिवाने चाकाची खुर्ची आणली म्हणून लग्नातला नवरदेव रुसला, त्याची समजूत काढली. गावातली अडचण म्हणजे मुळात झालेला गैरसमज, आणि चार माणसं गावाबाहेर कट्ट्यावर बसून बिअर प्यायली की तो सुटतो.

हे खोटं आहे असं नाही. गावात अशाही गोष्टी असतात, आणि दर वेळी फक्त आत्महत्या आणि दुष्काळच दाखवायचा हाही एक आळसच. 'पंचायत'ने गावाला हसण्याचा हक्क परत दिला. दुसऱ्या सीझनच्या शेवटी प्रल्हादचा फौजी मुलगा जातो, त्यानंतर फैझल मलिक ज्या तऱ्हेने नुसता बसून असतो, तसं दुःख मोठ्या पडद्यावरही क्वचित दिसतं. तिसऱ्या सीझनमधली घरकुल योजनेची गोष्ट तर मला सगळ्यात खरी वाटते. यादीत नाव लागावं म्हणून म्हातारी घरातून हाकलल्याचं सोंग करते. योजना गरिबाला नुसतं घर देत नाही, आधी खोटं बोलायला शिकवते. लेखकांनी हे भाषण न ठोकता दाखवलंय. इथे तिकीट बंद होत नाही, आणि मालिका एकदम उंच जाते.

पण मग नावं वाचा. त्रिपाठी, दुबे, शुक्ला, पांडे. आपण ज्यांच्यावर जीव लावतो ती चौकडी अख्खी ब्राह्मण आहे. यात गुन्हा काही नाही, अशी गावं असतील. प्रश्न असा, की उत्तर प्रदेशातल्या बलिया जिल्ह्यातल्या गावात चार सीझन राहूनही आपल्याला दुसरी वस्ती लागत नाही. विहीर कुणाची, पंगतीत कोण कुठे बसतं, दुसऱ्याच्या शेतात राबतं कोण? कॅमेरा तिकडे वळतच नाही. भाषेचंही तेच. बलिया भोजपुरीचा मुलूख. फुलेरा बोलतं ती मात्र आपल्या सगळ्यांना सबटायटलशिवाय कळेल अशी हिंदी. उलट 'फँड्री' हे नावच कैकाडी भाषेतलं, अर्थ डुक्कर. मराठी प्रेक्षकालाही तो शब्द विचारून घ्यावा लागला.

घरकुलांवरूनच गावात फूट पडते तेव्हा तर लेखक या गोष्टीच्या अगदी दारात पोचतात. भूषणचा आरोप असतो की प्रधानाने आपल्या बाजूलाच घरं दिली. गाव फुलेरा पूर्व आणि फुलेरा पश्चिम असं दुभंगतं. आता, भारतातल्या गावात दिशा ही कधीच नुसती दिशा नसते. कोण कुठल्या अंगाला राहतं हे पिढ्यान्‌पिढ्या जातीने ठरवलंय. मराठीत तर 'गावकुसाबाहेर' या एका शब्दात सगळं येतं. 'पंचायत'ने दिशा घेतल्या आणि त्यातलं माणूस काढून टाकलं. उरलं ते दोन शेजाऱ्यांचं भांडण.

बायकांच्या बाबतीतही तोच प्रकार, फक्त जरा उशिरा कळतो. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. तेव्हापासून 'सरपंचपती' हे न नेमलेलं पद आपल्याकडेही रुजलंय. मालिका या पतीला वाईट ठरवत नाही, त्याला लाडका करते. रघुवीर यादव इतका गोड आहे की त्याने बायकोची खुर्ची घेतलीय हे आपण विसरून जातो. २०२५ मध्ये टीव्हीएफने पंचायती राज मंत्रालयासाठी याच विषयावर एक छोटी फिल्म केली, नाव 'असली प्रधान कौन?'. प्रश्न योग्यच आहे. फक्त सरकारला ज्या प्रश्नाची जाहिरात करता येते, तो बहुधा फारसा टोचणारा नसतो.

चौथ्या सीझनमध्ये निवडणूक येते. मंजू देवीची निशाणी दुधी, क्रांती देवीची कुकर. प्रचाराची सगळी धावपळ नवऱ्यांची. राष्ट्रगीत पाठ करणाऱ्या त्या बाईचा पाच वर्षांचा हिशेब कुणी मागत नाही. गावासाठी काय केलं, काय करायचं राहिलं, हे तिलाही कुणी विचारत नाही. ती हरते तेव्हा वाईट वाटतं ते ब्रिजभूषणसाठी.

'फँड्री'त पकडलेलं डुक्कर काठीला बांधून जब्या आणि घरचे शाळेच्या भिंतीवरच्या आंबेडकर, फुल्यांच्या चित्रांसमोरून नेतात. फुलेराच्या पंचायत कार्यालयातही भिंती आहेत, दर एपिसोडला दिसतात. पाचवा सीझन येणार आहे आणि मी तो पहिल्याच रात्री बघणार आहे. गावाच्या पश्चिमेला नक्की कोण राहतं, हे निदान एकदा अभिषेकने कुणाला तरी विचारावं.