पट्टे उतरल्यावर
विल्यम वायलरच्या ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’मधला (१९४६) नौसैनिक होमर हातांऐवजी बसवलेल्या लोखंडी आकड्यांनी काडी पेटवतो, पियानोही वाजवतो. त्या दृश्यावर आंद्रे बाझँने बारकाईने लिहिले आहे. मला मात्र झोपण्यापूर्वीचा प्रसंग मोलाचा वाटतो. पट्टे उतरवल्यावर होमरला सदऱ्याची गुंडीसुद्धा लावता येत नाही. तो हे विल्माला मुद्दाम दाखवतो. (हॅरॉल्ड रसेलचे हात १९४४ मध्ये लष्करी प्रशिक्षणातल्या स्फोटात खरोखरच गेले होते, इथे अभिनय कुठला आणि लाज कुठली, सांगवत नाही.) पण याच जागी चित्रपट पळवाट शोधतो. नौदलाची जबाबदारी आकडे शिकवण्यापाशी संपते. रात्रीची गुंडी आधी वडील लावतात, मग विल्मा. तिचा होकार येतो आणि थेट लग्नच लागते.